पगारातून कापलेला पैसा कोणाचा?



प्राप्तिकरावर व्याख्यान म्हटले म्हणजे व्यासपीठावर एखादे नामांकित वकील असावेत अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती वाजवी आहे. नानी पालखीवाला मुंबईत अर्थसंकल्पावर बोलत तेव्हा ब्रेबोर्न स्टेडियम भरून जात असे. माझे शिक्षण शाळेतच थांबले. कायदा मी वाचला तो युनियनच्या कचेरीत. आधी कामगाराने नोटीस आणून टेबलावर ठेवायची, मग तिच्यात छापलेले कलम मी पुस्तकात शोधायचे, आणि पुस्तक समजले नाही की वकिलांच्या दारी जाऊन बसायचे. अशी तीस वर्षे गेली. तेव्हा व्यापाऱ्यांचा कर, कंपन्यांचा कर, परदेशी भांडवलाचा कर, हे विषय मी जाणत्यांवर सोपवतो. पगारपत्रकावर 'कपात' या शब्दाखाली जे आकडे असतात, त्यांच्याबद्दल न्यायाधिकरणांनी आणि न्यायालयांनी अलीकडे काय म्हटले आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

पगारपत्रकावर दोन कपाती ठळक असतात. एक प्राप्तिकराची, दुसरी भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे आपल्या प्रॉव्हिडंट फंडाची. या दोन्ही रकमा कामगाराच्या हाती कधीच येत नाहीत. मालक त्या कापून घेतो आणि एक सरकारच्या तिजोरीत व दुसरी फंडाच्या खात्यात भरतो. भरतो, असे आपण धरून चालतो. त्याने भरल्या नाहीत तर काय? कापल्यापासून भरेपर्यंत तो पैसा कोणाचा? गेल्या दहा-पंधरा वर्षांत या एकाच प्रश्नावर कितीतरी निकाल झाले.

कोणी म्हणेल, आता बारा लाखांपर्यंत करच नाही, मग ही चर्चा कशाला? २०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यावर येतो, हे खरे. पण माझ्याकडे येणाऱ्या नोटिसा त्याआधीच्या वर्षांच्या असतात. वेतनकराराची थकबाकी एकदम हाती आली, कारखाना बंद होताना भरपाई मिळाली, अशा वर्षी साध्या फिटरच्या पगारातूनही कर कापला गेलेला असतो. आणखी एक खुलासा आताच करून ठेवतो. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा प्राप्तिकर कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. जुन्या वर्षांची प्रकरणे जुन्याच कायद्याने चालतात, म्हणून मी सांगेन ती कलमे १९६१ च्या कायद्याची समजावीत.

ज्या न्यायाधिकरणाबद्दल बोलायचे, त्याची ओळख थोडक्यात करून देतो. प्राप्तिकर अपील न्यायाधिकरण २५ जानेवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्यापूर्वी कर अधिकाऱ्याच्या हुकुमाविरुद्ध गाऱ्हाणे न्यायचे तर ते त्याच खात्याच्या वरच्या साहेबाकडे. मारणारा धाकटा भाऊ आणि न्याय देणारा थोरला, असा तो प्रकार होता. न्यायाधिकरणात एक सभासद कायद्याचा जाणकार आणि एक हिशेबाचा जाणकार बसतो, आणि महत्त्वाचे म्हणजे ते अर्थखात्याच्या ताब्यात नाही, कायदा खात्याकडे आहे. पहिले अध्यक्ष महंमद मुनीर, जे पुढे पाकिस्तानचे सरन्यायाधीश झाले. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी येथे त्याची खंडपीठे आहेत. 'निष्पक्ष सुलभ सत्वर न्याय' हे त्याचे ब्रीद. यातले 'सत्वर' सोडून बाकीच्या दोन शब्दांबद्दल माझी तक्रार नाही. वस्तुस्थिती काय होती हे ठरवण्यात न्यायाधिकरणाचा शब्द अखेरचा असतो. त्यापुढे उच्च न्यायालयात जायचे तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. साध्या माणसाची भांडणे बहुधा वस्तुस्थितीची असतात, म्हणून त्याच्या दृष्टीने हीच खरी मोठी कचेरी.

आता पहिली कपात घेऊ. काही वर्षांपूर्वी आमच्या सभासदांपैकी एक चार्जहँड कचेरीत आले. त्यांचा कारखाना बंद पडला होता. शेवटच्या वर्षी आठ महिने त्यांच्या पगारातून कर कापला गेला होता. पगारपत्रके त्यांनी दोऱ्याने बांधून जपून ठेवली होती. मालकाने तो पैसा सरकारात भरलाच नव्हता. कर खात्याच्या नोंदीत त्यांच्या नावावर जमा रक्कम शून्य, म्हणून सगळा कर व्याजासह भरा असे पत्र आले. ते मला म्हणाले, "अण्णा, एकाच पगारावर दोनदा कर द्यायचा असतो का? पहिल्यांदा दिला तो कुठं गेला?"

कायद्याचे उत्तर दोन कलमांत आहे, आणि गोंधळही तेथेच आहे. कलम १९९ म्हणते की, कापलेला आणि सरकारात भरलेला कर करदात्याच्या नावे जमा धरावा. 'आणि भरलेला' या दोन शब्दांवर बोट ठेवून खाते म्हणते, भरलेला नाही म्हणून जमा नाही. पण कलम २०५ म्हणते की, ज्या उत्पन्नातून कर कापला गेला आहे, त्या कापलेल्या रकमेपुरता कर त्या माणसाकडे पुन्हा मागता येणार नाही. येथे 'भरलेला' हा शब्द नाही. कापला की पुरे. मालकाने पैसा गिळला तर सरकारने मालकाला धरावे, आणि त्यासाठी हत्यारेही त्याच कायद्यात आहेत. मालकाकडून दरमहा दीड टक्का व्याज घेता येते, आणि कलम २७६ब खाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. ही तुरुंगवासाची तरतूद वापरून एखाद्या मालकाला सात वर्षे आत घातल्याचे मी तरी पाहिलेले नाही. कामगाराला नोटीस मात्र यंत्र पाठवते, आणि यंत्राला कंटाळा येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००७ सालीच एका पगारदाराच्या प्रकरणात सांगितले होते की, मालकाने कापून न भरलेला कर पगारदाराकडून वसूल करता येत नाही. २०२१ साली गुजरात उच्च न्यायालयापुढे किंगफिशर विमान कंपनीच्या एका वैमानिकाचे प्रकरण आले. कंपनीने पगारातून कर कापला, भरला नाही, आणि २०१२ साली तिची विमाने जमिनीवर बसली ती पुन्हा उडाली नाहीत. न्यायालयाने वैमानिकाच्या बाजूने निकाल दिला. वैमानिकाचा पगार आणि आमच्या चार्जहँडचा पगार यांत जमीन-अस्मानाचे अंतर, पण कलम एकच.

यावर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ साली आपल्या अधिकाऱ्यांना लेखी सूचना दिली की, अशी मागणी करदात्यावर लादू नये. २०१६ साली तीच सूचना पुन्हा द्यावी लागली. एकच सूचना दोनदा द्यावी लागते तेव्हा पहिल्या सूचनेचे काय झाले असेल ते आपण समजून घ्यावे. आणि सूचनेतही एक खोच होती. मागणी 'लादू नये' म्हटले, 'रद्द करावी' म्हटले नाही. त्यामुळे मागणी वहीत तशीच उभी राहायची, आणि पुढच्या वर्षी कामगाराला काही परतावा मिळायचा असला की तो जुन्या मागणीपोटी परस्पर वळता व्हायचा. दारातून येऊ नको म्हटले तर खिडकीतून यायचे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली ही खिडकीही बंद केली. जी रक्कम सरळ वसूल करता येत नाही ती परतावा अडवूनही वसूल करता येत नाही, असे त्या न्यायालयाने म्हटले.

न्यायाधिकरणाची निरनिराळी खंडपीठे हेच सूत्र धरून निकाल देत आली आहेत. मालकाने कर भरल्याची नोंद कामगाराच्या खात्यावर दिसत नाही, एवढ्याच कारणाने त्याला जमा नाकारू नये, असे ती सांगतात. मात्र त्यांची एक अट असते, आणि आपण कमी पडतो ते येथेच. कर खरोखर कापला गेला हे करदात्याने दाखवले पाहिजे. कलम २०५ चे सगळे संरक्षण 'कापला' या एका शब्दावर उभे आहे, आणि तो शब्द सिद्ध करायचा तर कागद लागतो. पगारपत्रक हा पहिला कागद. बँकेचे पासबुक दुसरा, कारण ठरलेला पगार आणि खात्यात पडलेला पगार यांतला फरक त्यात दिसतो. मालकाने फॉर्म १६ दिला असेल तर उत्तमच. पुरावा नुसता तोंडी असला की न्यायाधिकरण प्रकरण पुन्हा खालच्या अधिकाऱ्याकडे चौकशीला पाठवते, आणि त्यात दोन वर्षे सहज जातात. आमच्या चार्जहँडची मागणी अपिलात उतरली, ती माझ्या किंवा वकिलांच्या वक्तृत्वाने नव्हे. आठ पगारपत्रके आणि एक पासबुक होते म्हणून. आजकाल पगारपत्रक कागदावर मिळत नाही, फोनवर येते आणि कारखाना बंद पडला की ते पानही बंद पडते. तेव्हा ते दर महिन्याला छापून ठेवावे, निदान घरच्या कोणाकडून उतरवून तरी घ्यावे. खात्यावर काय जमा झाले ते फॉर्म २६एएस मध्ये पाहता येते. मालकाला पगारातल्या कराचे विवरण दर तिमाहीला द्यावे लागते, म्हणून दर तिमाहीला एकदा पाहिले तर कारखाना चालू असतानाच चोरी कळते, आणि युनियनला गेटवर उभे राहून विचारता येते.

आता दुसरी कपात, प्रॉव्हिडंट फंडाची. येथे भांडण मालक आणि कर खाते यांच्यात होते. कामगार त्या न्यायालयात हजरच नव्हता, आणि तरी प्रश्न त्याच्याच पैशाचा होता. म्हणून मला हा सगळा इतिहास विशेष वाटतो.

फंडात दोन हिस्से असतात. एक मालकाचा, तो त्याने आपल्या खिशातून घालायचा. दुसरा कामगाराचा, तो पगारातून कापलेला. १९६१ च्या कायद्यात १९८७ साली अशी दुरुस्ती झाली की, कामगाराचा कापलेला हिस्सा मालकाच्या हाती आला की तो मालकाचे उत्पन्न समजावा, आणि फंडाच्या कायद्याने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, तो भरला तरच त्याची वजावट द्यावी. ऐकायला विचित्र वाटते, कामगाराचा पैसा मालकाचे उत्पन्न कसे? पण यात शहाणपण होते. पैसा दाबून ठेवलास तर त्यावर कर दे, असा तो दम होता.

मालकाच्या स्वतःच्या हिश्श्यासाठी मात्र कलम ४३ब मध्ये सवलत होती. वर्षाचे विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत तो भरला तरी वजावट मिळे. मालकांच्या वकिलांनी युक्तिवाद लढवला की ही सवलत दोन्ही हिश्श्यांना लागू आहे. न्यायाधिकरणाच्या अनेक खंडपीठांनी तो मानला. २०१४ साली कोल्हापूरच्या घाटगे पाटील ट्रान्सपोर्टच्या प्रकरणात आपल्या मुंबई उच्च न्यायालयानेही तो मानला. गुजरात उच्च न्यायालयाने तेथील राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात नेमके उलट सांगितले. म्हणजे वापीच्या मालकाला एक कायदा आणि पालघरच्या मालकाला दुसरा, अशी कित्येक वर्षे गेली.

यात काय गुंतले होते ते आकड्याने पाहा. पंधरा हजार पगारावर बारा टक्क्यांनी कामगाराचा हिस्सा १८०० रुपये. दोनशे कामगारांचा कारखाना धरला तर महिन्याला ३ लाख ६० हजार. पाच महिने दाबून ठेवले तर १८ लाख. एवढे भांडवल बँकेकडे मागितले तर तारण द्यावे लागते आणि व्याज मोजावे लागते. येथे तारण नाही आणि विचारायला कोणी येत नाही. फंडाच्या कायद्यातही उशिराबद्दल व्याज आणि दंड आहे, हे मी विसरलेलो नाही. पण तो दंड बसेपर्यंत पैसा फिरलेला असतो. आणि ज्या कामगाराचे त्या पाच महिन्यांत मुलीचे लग्न निघाले, त्याला पासबुकात शिल्लक कमी दिसली म्हणून उचल कमी मिळाली, त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात नसते.

२०२१ च्या वित्त कायद्याने सरकारने खुलासा घातला की ४३ब ची सवलत कामगाराच्या हिश्श्याला नाही. न्यायाधिकरणाच्या खंडपीठांनी म्हटले, ठीक आहे, पण तो पुढच्या वर्षांना, मागच्या नव्हे. शेवटी १२ ऑक्टोबर २०२२ रोजी चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती रवींद्र भट यांचे. त्याचा मथितार्थ असा की, मालकाचा हिस्सा ही त्याची स्वतःची देणी आहेत, पण कामगाराचा हिस्सा हा दुसऱ्याचा पैसा असून तो मालकाजवळ विश्वासाने ठेवलेला असतो. दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत. मुदतीत भरला नाही तर वजावट नाही. सगळ्या खंडपीठांचे जुने निकाल त्या दिवशी मागे पडले. 'विश्वासाने ठेवलेला' हा विचार फौजदारी कायद्यात आधीपासून होताच. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात, फंडासाठी पगारातून रक्कम कापणारा मालक त्या रकमेचा विश्वस्त समजावा, असे लिहिले होते, आणि २०२४ साली भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यातही ते आले आहे. कर न्यायालयांना तेथवर यायला वेळ लागला एवढेच.

या निकालावर माझे मत विचाराल तर निकाल बरोबर आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी मला रुचत नाहीत. वजावट नाकारली म्हणून मालकाने जो जादा कर भरला तो सरकारी तिजोरीत गेला, कामगाराच्या खात्यात त्यातला एक पैसाही आला नाही. आणि १५ तारखेऐवजी १७ तारखेला भरणारा लहान मालक व पाच महिने दाबणारा मोठा मालक, दोघांनाही एकच शिक्षा झाली, दोघांचीही वजावट कायमची गेली. युनियनवाल्याने मालकाची कड घ्यावी याचे कोणाला नवल वाटेल. पण चार कामगारांच्या वर्कशॉपचा मालक पुष्कळदा स्वतःच पाचवा कामगार असतो.

या निकालानंतर खात्याने आणखी एक पाऊल टाकले. ऑक्टोबर २०२२ पूर्वी न्यायाधिकरणाने मालकांच्या बाजूने दिलेले जुने निकाल 'चूक दुरुस्ती' म्हणून उघडावेत, असे अर्ज दिले. काही खंडपीठांनी ते उघडलेही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला आडकाठी केली. निकाल दिला त्या दिवशी जो कायदा होता त्याप्रमाणे तो बरोबर होता, पुढे सर्वोच्च न्यायालय वेगळे बोलले म्हणून ती मागची चूक ठरत नाही, असे म्हटले. यात मालकांचा फायदा झाला, तरी मला हे मान्य आहे. उद्या कामगाराच्या बाजूने लागलेला निकाल कोणी असाच उघडू म्हणाला तर आपल्याला याच दाराआड उभे राहायचे आहे.

जाता जाता शेअरबाजाराबद्दल. आमच्या कामगारांची मुले फोनवर शेअर घेतात-विकतात. २०२३-२४ या वर्षी ज्यांचे उत्पन्न सात लाखांच्या आत होते त्यांना शेअरच्या अल्प मुदतीच्या नफ्यावरही कलम ८७अ ची सूट मिळते की नाही, हा वाद झाला. जुलै २०२४ मध्ये खात्याच्या संगणकाने ही सूट मागण्याची सोयच बंद केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, करदात्याला मागणी तरी मांडू द्या, द्यायची की नाही ते नंतर ठरवा. पुढे त्याच वर्षी न्यायाधिकरणाच्या अहमदाबाद खंडपीठाने त्या वर्षापुरती ही सूट दिली. २०२५-२६ पासून कायद्यानेच नव्या पद्धतीत अशा नफ्यावरची सूट काढली आहे, तेव्हा तरुणांनी हा निकाल पुढच्या वर्षांना लावू नये.

आता वाटेचे सांगतो. जुन्या वर्षाची मागणी आली तर पहिले अपील हुकूम मिळाल्यापासून तीस दिवसांत आयुक्तांकडे. त्याची फी उत्पन्नाप्रमाणे २५०, ५०० किंवा १००० रुपये. तेथे हरलात तर न्यायाधिकरण. त्याची मुदत साठ दिवसांची होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून हुकूम ज्या महिन्यात मिळाला तो महिना संपल्यावर दोन महिने, अशी झाली. उत्पन्न दोन लाखांवर असेल तर फी ठरवलेल्या उत्पन्नाच्या एक टक्का, पण दहा हजारांहून जास्त नाही. तेथे जिंकलात आणि खात्याला पुढे जायचे असले तरी रकमेची मर्यादा आड येते. पहिल्या अपिलात तुम्ही जिंकलात तर काही अपवाद सोडून, कराची रक्कम साठ लाखांहून अधिक असल्याशिवाय खाते न्यायाधिकरणात जात नाही. सप्टेंबर २०२४ पासून ही मर्यादा आहे. आपल्यापैकी कोणाचे साठ लाखांचे भांडण असेल तर त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे, युनियनला इमारत बांधायची आहे.

मुदत टळली म्हणून घरी बसू नये. पुष्कळांचे हुकूम ई-मेलवर येतात, आणि तो ई-मेल विवरणपत्र भरून देणाऱ्या दुकानदाराचा असतो. उशीर माफ करण्यात न्यायालयांनी उदार राहावे असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितले आहे, आणि न्यायाधिकरण ते पाळते. उशिराचे कारण मात्र प्रतिज्ञापत्रावर, तारखांसह द्यावे लागते. 'माहीत नव्हते' एवढे पुरत नाही. कधी कळले, कोणाकडून कळले, हे लिहावे.

एक अडचण आहे. कामगार न्यायालयात युनियनचा पदाधिकारी कामगाराच्या वतीने उभा राहू शकतो. प्राप्तिकराच्या कायद्याने वकील, हिशेबतपासनीस, नातेवाईक अशांना परवानगी दिली आहे, पण युनियनला नाही. हिशेबाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाही तेथे उभे राहता येते, आणि मी ती दिलेली नाही. करदात्याला मात्र स्वतः उभे राहून बोलण्याचा हक्क आहे, मराठी माणूस तो फारसा वापरत नाही. पुण्यात मी मागच्या बाकावर बसून दोन-तीन निवृत्त माणसांना स्वतः बोलताना ऐकले आहे. सभासदांनी त्यांना अडवले नाही, उलट कागद कोणता कुठे लावला आहे ते शोधायला मदत केली.

ज्यांच्या घरी बंद कारखान्याच्या वर्षांच्या नोटिसा पडून असतील त्यांनी येत्या रविवारी सकाळी पगारपत्रके आणि पासबुक घेऊन युनियनच्या कचेरीत यावे. एक वकील मित्र दहापासून बसणार आहेत. मूळ कागद आणावेत, पण देऊन जाऊ नयेत, झेरॉक्सचे यंत्र खालीच आहे.